भेगा भरण्याचे दिवस

परभणीला आमच्या घरामागे ३० फूट लांब आणि २० फूट रुंद असा जमिनीचा एक तुकडा आहे. घर २००८ साली बांधून झाले आणि त्यानंतर अकरा वर्षे त्या तुकड्याकडे आमच्यापैकी कोणीही लक्ष दिले नाही. पावसाळ्यात तिथे गाजरगवत कमरेएवढे वाढे, दिवाळीनंतर ते वाळून काटक्या होई, आणि उन्हाळ्यात जमीन तडकून तिचे वेडेवाकडे ठोकळे पडत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर २०१९ च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा त्या तुकड्यात निवांतपणे उभी राहिले. एका भेगेत बांबूची काठी सोडून पाहिली, तर ती अडीच फूट आत गेली आणि तरीही तळाला टेकल्यासारखी वाटली नाही. भेग हे जमिनीचे दुखणे आहे आणि ते कायमचे बुजवले पाहिजे, असे मला त्या दिवशी वाटले होते. तो समज सुटायला मला पूर्ण एक वर्ष आणि एक लिंबाचे झाड खर्ची घालावे लागले.

आपल्याकडे गावाच्या वस्तीची जागा ती पांढरी आणि कसण्याची जमीन ती काळी, अशी जुनी विभागणी आहे. घरे पांढरीवर किंवा मुरमाड उंचवट्यावर बांधायची आणि काळी पिकासाठी राखायची, या रिवाजामागे अनुभव होता. काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर उभी केलेली भिंत दोन-चार वर्षांत तडा देते. शहर वाढले तशी आसपासची शेते अकृषिक झाली, त्यांत प्लॉट पडले आणि आमच्यासारख्यांची घरे थेट काळीवर आली. पाया घेताना ती माती सहा फूट खणून काढावी लागली आणि तिच्या जागी मुरूम भरावा लागला. खणून काढलेली माती कुठे जाणार? ती मागच्या तुकड्यावर पसरली गेली. म्हणजे शेकडो वर्षे पिके घेतलेला वरचा थर खाली दबला आणि जन्मात ऊन न पाहिलेला, चुनखडीच्या खड्यांनी भरलेला खालचा राखट थर वर आला. त्यावर वर्षभर खडीचे ढीग राहिले, विटांचे ट्रक फिरले. ही जमीन नुसती दुर्लक्षित नव्हती, ती उलटी घातलेली आणि वरून दाबून बसवलेली होती, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही.

ही माती मुळात दगडाची लेक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्यांचा काळा पाषाण झाला, आणि तो झिजून, कुजून, पाण्याबरोबर सखल भागात साचून ही काळी जमीन बनली. मातीतील ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक कण ते चिकणमातीचे कण. भारी काळ्या जमिनीत त्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आणि पुष्कळदा त्याहूनही जास्त असते. या कणांतले मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट नावाच्या जातीचे असते. त्याची रचना पोथीच्या पानांसारखी असते आणि दोन पानांच्या मध्ये पाणी शिरू शकते. पाणी शिरले की पाने दूर सरतात आणि माती फुगते. पाणी उडून गेले की पाने पुन्हा मिटतात आणि माती आकसते. ओल्या मातीची गोळी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये दाबत पुढे सरकवली, तर आमच्या मातीची पट्टी तीन-साडेतीन इंच लांब जाऊन मगच तुटत असे. वाळूमिश्रित मातीची अशी पट्टी इंचभरही होत नाही.

माती परीक्षणाच्या अहवालात सामू (पीएच) ८.३ आला, मुक्त चुना भरपूर आला आणि सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, म्हणजे कमी, असा आला. हा शेवटचा आकडा वाचून मला खरोखर धक्का बसला, कारण रंग एवढा काळा असलेली माती कसदार असणारच, असे मी लहानपणापासून धरून चालले होते. काळा रंग आणि सेंद्रिय पदार्थांची विपुलता यांचा संबंध आपण समजतो तेवढा सरळ नाही. खनिजे आणि थोडासा सेंद्रिय अंश यांच्या घट्ट संयोगातूनही माती काळी दिसते, आणि मराठवाड्यातल्या पुष्कळ काळ्याभोर जमिनी सेंद्रिय कर्बाच्या बाबतीत उपाशी आहेत. काळीची खरी श्रीमंती तिच्या पाणी धरून ठेवण्यात आहे. भारी काळ्या जमिनीचा एक मीटर खोलीचा थर पिकाला घेता येईल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरू शकतो. म्हणूनच रब्बीची ज्वारी आणि हरभरा एकही पाणी न देता, जमिनीतल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या थंडीवर उभे राहतात.

पहिल्या वर्षी माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या मी तपशीलाने लिहिते, कारण भारी जमिनीत बाग करू पाहणाऱ्या बहुतेकांना त्याच चुका कोणी ना कोणी सल्ला म्हणून सांगतो. पहिला सल्ला होता वाळू मिसळण्याचा. चिकट मातीत वाळू घातली की ती मोकळी होईल, हे ऐकायला पटणारे आहे. मी अर्धा ब्रास वाळू आणवली, ती तुकड्याच्या निम्म्या भागावर पसरली आणि टिकावाने मातीत मिसळून घेतली. उन्हाळा आला तेव्हा तो भाग भाजलेल्या विटेसारखा झाला होता. पहार मारली की ठिणगी उडेल अशी भीती वाटावी, इतका.

हे असे का झाले, याचा हिशेब मी नंतर मांडला. ६०० चौरस फुटांचा सहा इंच खोलीचा थर म्हणजे ३०० घनफूट, अर्थात तीन ब्रास माती. तिच्यातले चिकणमातीचे प्रमाण ६० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणायचे, तर जवळजवळ तेवढीच, म्हणजे आणखी तीन ब्रास वाळू मिसळावी लागेल, आणि तीही फक्त वरच्या सहा इंचांसाठी. वाळू त्याहून फार कमी असेल तेव्हा तिचे दाणे एकमेकांना टेकत नाहीत. दाणे एकमेकांना टेकले तरच त्यांच्यामध्ये पोकळी राहते. नाहीतर प्रत्येक दाणा चिकणमातीच्या लगद्यात सुटा रुतून बसतो आणि वाळल्यावर त्या लगद्याला बळकटीच देतो. घरगुती बागेत वाळूने काळी बदलण्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे. नदीतून उपसलेल्या त्या वाळूची नदीला जी गरज असते, ती वेगळीच.

दुसरी चूक लिंबाच्या खड्ड्याची. रोपे विकणाऱ्याने दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घेऊन तो लाल माती आणि शेणखत यांनी भरायला सांगितले. मी ऑगस्टमध्ये तसेच केले. रोपाला महिन्याभरात तजेलदार पालवी फुटली आणि मी निश्चिंत झाले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस मराठवाड्यात फार झाला. कापणीला आलेले सोयाबीन शेतातच भिजले. माझ्या खड्ड्यातली सैल लाल माती ते पाणी भराभर पीत गेली, पण भोवतीच्या काळीने फुगून खड्ड्याच्या भिंती बंद केल्या होत्या. जमिनीत पुरलेल्या रांजणात झाड लावावे, तसे ते झाले. नोव्हेंबरमध्ये खोडाच्या तळाशी डिंक दिसू लागला, पाने पिवळी पडली, आणि संक्रांतीच्या आसपास रोप उपटले तेव्हा मुळांची साल बोटांनी ओढताच मोज्यासारखी निघून आली. काळीमध्ये झाडाचा खड्डा वेगळ्या मातीने भरू नये, खणलेली मातीच परत भरावी आणि खत वरून द्यावे, हे त्या झाडाने मला शिकवले. आज त्या जागी दुसरे लिंबाचे झाड आहे, पण ते खड्ड्यात लावलेले नाही. जमिनीपासून दीड फूट उंच आणि सहा फूट रुंद अशा उतरत्या ओट्यावर ते उभे आहे.

तिसरी चूक सर्वांत मोठी होती. त्याच ऑक्टोबरमध्ये, हिवाळी भाज्यांची वेळ टळू नये म्हणून, पाऊस थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी मी माती खणायला घेतली. मदतीला ज्या मावशी आल्या होत्या, त्यांचे आयुष्य दुसऱ्यांच्या शेतांत निंदणी-खुरपणी करण्यात गेलेले. त्यांनी मातीत बोट घालून पाहिले आणि खुरपे बाजूला ठेवले. “ताई, आज नगा हात लावू. वापसा येऊ द्या. चिखल तुडवला की रान वर्सभर रुसून बसतंय.” मी त्यांचे ऐकले नाही. मजुरी ठरली होती आणि माणूस हाती लागला होता, एवढेच मला दिसत होते. कुदळीच्या प्रत्येक घावाबरोबर मातीचा तुळतुळीत काप निघत होता, शिक्क्यासारखी चकाकणारी कड त्याला येत होती. ते काप वाळून जी ढेकळे झाली, ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत फुटली नाहीत.

वापसा किंवा वाफसा हा शब्द मी जन्मभर ऐकत आले होते, पण त्याचा अर्थ मला हाताने कळला तो त्या वर्षी. मातीच्या कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी निथळून गेले आहे आणि तिथे हवा आली आहे, पण बारीक पोकळ्यांत ओल टिकून आहे, अशी ती अवस्था. मावशींची परीक्षा सोपी आहे. चार बोटे खोलीवरची मूठभर माती घ्यायची, तिचा लाडू वळायचा आणि तो कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. लाडू पडून चपटा झाला तर थांबायचे. फुटून त्याचा रवाळ भुगा झाला तर काम सुरू करायचे. लाडू वळलाच नाही तर वेळ निघून गेली. हलक्या जमिनीत वाफसा लवकर येतो आणि बरेच दिवस राहतो. भारी जमिनीत तो उशिरा येतो आणि दोन-तीन दिवसांत जातो. गेली चार वर्षे मी त्याची नोंद ठेवते आहे. आमच्याकडे दोन-तीन इंचांच्या पावसानंतर वाफशाला सहा ते आठ दिवस लागतात आणि कडक ऊन असेल तर तो अडीच दिवसांच्या वर टिकत नाही. त्या अडीच दिवसांत लग्न असो, पाहुणे असोत, मी मागच्या तुकड्यात असते.

वाफसा समजला तेव्हा भेगांकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. अशा जमिनींना मृदाशास्त्रात व्हर्टिसॉल म्हणतात आणि त्या नावाच्या मुळाशी उलटणे, फिरवणे या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. उन्हाळ्यात भेग पडते, वरच्या कोरड्या मातीचा भुगा वाऱ्याने, चिमण्यांच्या पायांनी, वळवाच्या पहिल्या सरीने भेगेत उतरतो. पावसाळ्यात खालची माती फुगते, तेव्हा आत आलेल्या या भुग्यामुळे तिला जागा अपुरी पडते आणि ती बाजूला व वर रेटली जाते. वर्षानुवर्षे हे चालत राहिले की वरचे खाली आणि खालचे वर येत राहते. म्हणजे जी जमीन मी कुदळीने उलथीपालथी करू पाहत होते, ती आपल्या आपण नांगरली जात होती. माझ्या शंभर घावांनी जे जमत नव्हते, ते एका उन्हाळ्याने अडीच फूट खोलीपर्यंत करून ठेवले होते. प्रश्न फक्त एवढाच होता की त्या उघड्या भेगेत काय उतरते. अकरा वर्षे तिच्यात गाजरगवताचे बी आणि निर्जीव राखट भुगा उतरत होता.

म्हणून २०२० च्या मे महिन्यापासून मी भेगा भरू लागले. अक्षय्य तृतीयेनंतर भेगा पुरत्या रुंदावल्या की चाळलेले कंपोस्ट घमेल्यात घ्यायचे, भेगेच्या काठावर बसून हाताने आत सोडायचे आणि बांबूच्या काठीने हलकेच खाली सरकवायचे. ठासून भरायचे नाही. भेगेचे तोंड मोकळे राहिले पाहिजे, कारण मृगाचे पहिले पाणी याच वाटेने खोल उतरते आणि नंतर जमीन फुगून वाटा बंद झाल्या की पाणी तासाला जेमतेम काही मिलिमीटर मुरते. भेगेत खडे, विटांचे तुकडे किंवा वाळू टाकायची नाही, कारण ते दबत नाहीत. पहिल्या वर्षी ६०० चौरस फुटांत बावन्न घमेली कंपोस्ट भेगांनी गिळले. काम सकाळी सहा ते साडेआठ एवढाच वेळ चाले, परभणीच्या मे महिन्यात त्यापुढे उघड्यावर बसवत नाही. पण सबंध वर्षातले हे माझे सर्वांत आवडते काम आहे, हे मी मोकळेपणाने सांगते. जमिनीने स्वतः उघडलेल्या दारातून तिच्या पोटापर्यंत अन्न पोहोचवता येते, आणि त्यासाठी तिच्यावर एकही घाव घालावा लागत नाही.

एवढे कंपोस्ट विकत घेणे परवडणारे नव्हते. एक इंच जाडीचा थर द्यायचा म्हटले तरी ६०० चौरस फुटांना ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास लागते. पहिल्या वर्षी आणवलेली शेणखताची ट्रॉली कच्ची निघाली. त्यात हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या होत्या आणि त्यांनी वांग्यांची मुळे कुरतडून टाकली. तेव्हापासून मी खत घरीच करते. पद्धत जुनी आहे आणि ती काळ्या मातीवरच जन्मलेली आहे. १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये काम करत होते आणि यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते. माळव्याची जमीन आमच्यासारखीच काळी, पीक कापसाचे, आणि शेतात उरलेल्या पऱ्हाट्या इतक्या चिवट की त्या कुजत नसत. त्यांनी त्या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या, मग शेण, गोमूत्र शोषलेली माती, राख आणि पालापाचोळा यांच्याबरोबर खड्ड्यांत रचल्या आणि ठराविक दिवसांनी तीन वेळा उलथून तीन महिन्यांत खत तयार केले. तीच पुढे इंदूर पद्धत म्हणून शेतकी शाळांत शिकवली जाऊ लागली. मी शेजाऱ्यांच्या शेतातल्या तुराट्या आणि पऱ्हाट्या आणते, आमच्या मोटारीच्या वाटेवर आठवडाभर पसरून ठेवते, आणि त्या चिरडल्या गेल्या की कडुनिंबाचा पाला, सोयाबीनचे भुसकट आणि शेणकाला यांच्याबरोबर रचते. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती अजून तितकीच उपयोगी आहे. खत झाले की नाही, हे नाकाला कळते. शेणाचा वास संपून पहिल्या पावसाच्या मातीचा वास यायला लागला, म्हणजे ते जमिनीत घालण्याजोगे झाले.

खत आणि भेगा यांच्याइतकेच महत्त्व पायांना आहे. भारी जमीन ओली असताना तिच्यावर एक माणूस एकदा चालला, तरी त्याच्या टाचेखालच्या पोकळ्या मिटतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने काळ्या जमिनींसाठी रुंद वरंबा आणि सरी अशी रचना विकसित केली. आपल्याकडे सोयाबीनचे शेतकरी तिला बीबीएफ म्हणतात. दीड मीटरच्या पट्ट्यात सुमारे एक मीटर रुंदीचा वरंबा आणि अर्ध्या मीटरची सरी. पीक वरंब्यावर, जास्तीचे पाणी सरीत, आणि चालायचे ते सरीतूनच. मी तोच विचार बागेला लावला आणि चार फूट रुंदीचे तीन गादीवाफे केले, त्यांच्यामध्ये दीड फुटाच्या सऱ्या ठेवल्या आणि सऱ्यांना गल्लीच्या बाजूला हलका उतार दिला. चार फूट रुंदी अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो. ते वाफे २०२० च्या उन्हाळ्यात एकदाच उचलले. त्यानंतर आजपर्यंत त्यांच्यावर कोणाचाही पाय पडलेला नाही. नातू आला की त्याच्यासाठी सरीत फळ्या टाकते. २०२१ च्या सप्टेंबरअखेर मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा सऱ्यांतून दोन दिवस पाणी वाहत होते आणि वाफ्यांवरची मेथी उभी होती.

मुळांकडून करून घेण्याचे कामही थोडे नाही. वाफे झाल्यावरच्या पहिल्या दोन पावसाळ्यांत सुरुवातीला मी भाजीचा मोह टाळला आणि सर्व वाफ्यांवर ताग पेरला. पंचेचाळीस दिवसांनी, फुले दिसू लागताच तो जमिनीलगत कापला आणि तिथेच आडवा अंथरला; मुळे उपटली नाहीत. त्यानंतरच्या वर्षी कडेने तूर लावली. तुरीचे सोटमूळ दाबलेल्या थरातून खाली जाते, पीक निघाल्यावर जागच्या जागी कुजते आणि मागे पेन्सिलीएवढी पोकळ नळी ठेवून जाते, जिच्यातून पुढच्या पावसाचे पाणी आणि पुढच्या पिकाची मुळे दोन्ही उतरतात. कोल्हापूरकडचे शेतकरी प्रताप चिपळूणकर अनेक वर्षे हेच सांगत आले आहेत की जमिनीतच कुजलेल्या मुळांची बरोबरी बाहेरून आणून टाकलेल्या खताला येत नाही. माझ्या छोट्या तुकड्यापुरते तरी मला त्याचे प्रत्यंतर आले. गाजरगवतही मी आता फुलण्याआधी कापून तिथेच पसरते. कुंदा हे चिवट तण मात्र अशा रीतीने जात नाही. त्याच्या मुळ्या हाताने, वाफशावर, एक-एक करून काढाव्या लागतात आणि त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

वर आच्छादन सतत असते, पाला, भुसकट, उसाचे पाचट, जे मिळेल ते. उघड्या काळीवर पावसाचा थेंब आदळला की पृष्ठभागाचे कण सुटून लगदा होतो आणि वाळल्यावर त्याची पापडी बनते. आच्छादनाखाली ती बनत नाही. भुसकट मातीत मिसळायचे मात्र नाही, कारण ते कुजवताना जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. वर राहिले तर ते सावकाश, गांडुळांच्या वेगाने खाली जाते.

जिप्समविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण भारी जमीन म्हटली की जिप्सम टाका, असे सरसकट सांगितले जाते. मी आधी एक साधा प्रयोग केला. तुकड्याच्या पाच ठिकाणचे वाळलेले, हरभऱ्याएवढे मातीचे खडे घेतले आणि प्रत्येक खडा काचेच्या पेल्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडला. पाणी पावसाचेच हवे, बोअरच्या पाण्यातले क्षार निकाल बिघडवतात. चार पेल्यांत खडा विरघळल्यासारखा ढासळला, पण भोवतीचे पाणी दुसऱ्या दिवशीही नितळ होते. पाचव्या पेल्यात खड्याभोवती दुधासारखे वलय पसरले आणि पाणी गढूळ झाले ते झालेच. ही माती कपडे धुण्याच्या दगडाजवळच्या कोपऱ्यातली होती. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. अकरा वर्षे ते पाणी त्या कोपऱ्यात मुरले होते आणि सोडियमने मातीच्या कणांना एकमेकांपासून तोडले होते. तेवढा तुकडा चोपण झाला होता. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि कणांना पुन्हा एकत्र आणते. आमच्या मातीत चुन्याच्या रूपाने कॅल्शियम आहेच, पण इतक्या चढ्या सामूला चुना पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून त्या ३० चौरस फुटांत मी जिप्सम घालते, बाकी ५७० चौरस फुटांना त्याची गरज नव्हती आणि तिथे मी चिमूटभरही टाकलेले नाही.

आता या सर्वांचा परिणाम काय, तर जमीन काळीच आहे, चिकणमाती आहे तेवढीच आहे आणि सामूही आठच्या वर आहे. जास्वंदीच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अजूनही पडतो, कारण चुन्यामुळे लोह झाडाला मिळत नाही. पण सेंद्रिय कर्ब गेल्या तपासणीत ०.७१ टक्के आला. वाफ्यात बोटे घातली तर ती दुसऱ्या पेरापर्यंत सहज जातात. माती ठोकळ्याने निघत नाही, ज्वारीच्या कण्यांसारखी निघते, आणि खुरप्याच्या प्रत्येक फटीत गांडुळाची विष्ठा दिसते, जी पहिल्या वर्षी मला सगळ्या तुकड्यात एकदाही दिसली नव्हती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने महिनाभर दडी मारली, तेव्हा शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर भर पावसाळ्यात भेगा पडल्या होत्या. आमच्या वाफ्यांवर आच्छादन बाजूला केले की खाली ओल होती. त्याच वर्षी रब्बीत एका वाफ्यावर हरभरा पेरला आणि पेरणीनंतर त्याला पाणी दिले नाही. घाटे चांगले भरले.

दर मे महिन्यात मी तीच बांबूची काठी घेऊन भेगा मोजते. भेगा पडायच्या थांबलेल्या नाहीत, आणि त्या थांबाव्यात असे मला आता वाटतही नाही. पूर्वी बोट जाईल एवढ्या रुंद चार-पाच भेगा वाफ्याला आडव्या कापत, आता बारीक भेगांची जाळी पडते आणि काठीऐवजी सायकलची तार वापरावी लागते. कंपोस्ट त्यांच्यात उतरावे म्हणून ते पिठाच्या चाळणीने चाळावे लागते. यंदा तीन वाफ्यांना मिळून एकोणीस घमेली पुरली.

धुण्याच्या दगडाचे पाणी मी दोन वर्षांपूर्वी पाइप टाकून गटाराकडे वळवले. त्या कोपऱ्यात यंदा तिसऱ्यांदा दीड किलो जिप्सम पसरले आहे आणि वर धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरायचे आहे, कारण खाऱ्या, पाणी तुंबणाऱ्या जागेतही ते तग धरते. मावशी परवा येऊन तिथली माती हातात घेऊन गेल्या. लाडू अजून चपटा होतो, पण कडा फुटू लागल्या आहेत असे त्यांचे म्हणणे पडले. मी पुन्हा एक खडा पावसाच्या पाण्यात टाकून ठेवला आहे, तो उद्या सकाळी पाहायचा आहे.